लेकराच्या हाती कात्री

एरवी आम्ही इथं आलो की बचत, हप्ता, व्याज, बँकेचं पासबुक हेच बोलतो. आज ती वही बाजूला ठेवलीय. आज कात्रीचं बोलायचंय. शिलाई मशीनजवळच्या मोठ्या कात्रीचं नाही, तर तीन-चार-पाच वर्षांच्या लेकराच्या हातात द्यायच्या लहान कात्रीचं.

"लेकराच्या हातात कात्री? काय बोलायल्यात बाई या!" असं आत्ता कोणीतरी म्हटलंच असेल. साहजिक आहे. कात्रीबद्दल आपण लहानपणापासून काय काय ऐकलंय. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होतं. कात्री हातात देऊ नये, खाली ठेवावी, दुसऱ्याने उचलून घ्यावी. ग्रहणात पोटुशीने कात्रीला, विळीला हात लावू नये. यातलं कात्री खाली ठेवायचं तेवढं आम्हाला पटतं, कारण घाईत हातातून हातात देताना टोक लागतंच. बाकीचं ज्याचं त्याने ठरवावं. पण या सगळ्यामुळं झालंय असं, की आपल्या घरातली कात्री फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन बसलीय. दुधाची पिशवी कापायला तेवढी खाली येते अन् परत वर जाते. लेकरू ती लांबूनच बघतं. अन् त्याच लेकराच्या हातात तीन वर्षांचं झालं की आपण काय देतो? मोबाइल देतो, नाहीतर पेन्सिल देतो.

पेन्सिलीवरनंच हा विषय निघाला. गेल्या वर्षी जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईने कर्ज मागितलं. बियाण्याला नाही, खताला नाही. नर्सरीच्या फीला. लेकरू साडेतीन वर्षांचं. ताईचं म्हणणं, "अंगणवाडीत नुसतं खेळायलंय, खिचडी खायलंय अन् घरी यायलंय. लिहायला काहीच शिकवीनात." तासभर चर्चा झाली. शेवटी गटाने कर्ज दिलं. बचत तिची, लेकरू तिचं, अडवायचं कोणी? पण दिवाळीच्या आसपास तीच ताई बैठकीत सांगायला लागली, की रोज दोन पानं लिहून आणायला सांगतात. लेकरू पेन्सिल मुठीत धरतं, खांद्यापासून सगळा हात हलवतं, टोक मोडतं, कागद फाटतो. मग रडारड. मग पाठीत धपाटा. "हात दुखायलाय म्हणतंय. नाटकी झालंय लई," असं ती म्हणाली.

आम्हाला ते नाटक वाटलं नाही. आपल्या मनगटात आठ लहान लहान हाडं असतात. लेकरू जन्मतं तेव्हा ती हाडं नसतातच, कूर्चा असते. कानाचा वरचा भाग दाबून बघा, तशी मऊ, वाकणारी. एकेक करत त्यांचं हाड होत जातं, अन् आठवीच्या आठवी पुरी व्हायला दहा-बारा वर्षांपर्यंत वेळ लागतो. साडेतीन वर्षांच्या लेकराच्या मनगटात निम्मंसुद्धा काम झालेलं नसतं. बोटांचे बारके स्नायूही कच्चे असतात. अशा हाताला पानभर एबीसीडी काढायला लावणं म्हणजे गुडघ्याएवढ्या केळीला घड कधी लागतो म्हणून रोज जाऊन बघण्यासारखं आहे. आपण अर्धापूरच्या बाया. केळीला किती महिने द्यावे लागतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्या नर्सरीतल्या बाईंनाही ती ताई भेटून आली. त्या म्हणाल्या, "आम्हालाही कळतं हो, पण पालकच वह्या मागतात. पान भरलेलं नसलं तर फी कशाची घेता म्हणतात." हेही खरंच आहे. वही भरलेली दिसते, हात तयार झालेला दिसत नाही.

मग हात तयार होतो कशाने? फाडण्याने, मळण्याने, खुडण्याने, चिमटीत धरण्याने आणि कापण्याने. यात कापणं सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात कामाचं. लिहिताना एकच हात राबतो. कापताना दोन्ही हात राबतात, आणि दोघांचं काम वेगवेगळं असतं. एक कात्री उघडतो-मिटतो, दुसरा कागद धरतो, फिरवतो. डोळे रेघेवर. भाकरी थापताना आपलं काय होतं बघा, एक हात थापतो अन् दुसरा हात भाकरी फिरवत राहतो. आपल्याला ते आता कळतसुद्धा नाही. पण पहिली भाकरी थापली तेव्हा तिचा नकाशा झाला होता की नाही?

एक सांगून ठेवतो, कात्री चालवली म्हणून अक्षर आपोआप मोत्यासारखं होत नाही. अक्षर गिरवल्यानेच येतं. पण ज्या हातात जोर आलाय, ज्या अंगठ्याला अन् बोटांना वेगवेगळं हलायची सवय झालीय, तो हात पेन्सिल सुखाने धरतो. एवढंच आमचं म्हणणं.

आता 'अंगणवाडीत नुसतं खेळतात' याबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे, कारण हे वाक्य आम्ही गावोगाव ऐकतो. अंगणवाडी हा शब्द आपल्या महाराष्ट्रातला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये येतं. आदिवासी पाड्यावरची लेकरं शाळेपर्यंत येईनात, म्हणून या बायांनी शाळाच पाड्यावर नेली, घराच्या अंगणात. म्हणून ती अंगणवाडी. पुढं त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 साली पद्मश्री. सरकारने 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, अन् अंगणवाडी हे नाव देशभर गेलं.

या दोघींचं आम्हाला सगळ्यात काय आवडतं, तर त्यांनी महागाच्या खेळण्यांची वाट बघितली नाही. मॉन्टेसरी बाईंची पद्धत ताराबाईंनी नीट अभ्यासली होती. त्या पद्धतीची साधनं चांगली, पण खेड्याला परवडणारी नव्हती. मग त्यांनी पानं, बिया, खडे, शिंपले असं जे त्या भागात मिळेल ते घेतलं. लेकराचा हात तयार व्हायला दुकानातली पेटी लागत नाही, हे त्यांनी त्या काळी करून दाखवलं. केंद्र सरकारने 2024 साली अंगणवाडीसाठी 'आधारशिला' नावाचा अभ्यासक्रम काढला, तोही तीन ते सहा वर्षांच्या लेकरांनी खेळत शिकावं असंच सांगतो. तेव्हा सेविकाताई लेकरांना मातीत हात घालू देत असतील, कागद फाडू देत असतील, तर त्या रिकाम्या बसल्यात असं समजू नका. आपल्यातले कितीतरी गट अंगणवाडीचा गरम आहार शिजवतात. भात शिजेपर्यंत पाच मिनिटं आत डोकावून बघा.

बरं. आता घरी काय करायचं ते सांगतो.

कात्री पहिल्या दिवशी द्यायची नाही. आधी फाडू द्यायचं. दोन-अडीच वर्षांचं लेकरू कागद फाडतंच, आपणच ओरडतो. आपल्याकडं तर फाडायला देवाने केळीचं पान दिलंय. केळीच्या पानाच्या शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत एकीशेजारी एक सरळ जातात, म्हणून पान ओढलं की आपोआप सरळ पट्टी निघते. लेकराला लगेच जमतं, अन् जमलं की ते दहा पट्ट्या काढतं. फक्त जुने कपडे घाला. केळीचा डाग बसला की बसला, तो कपडा फाटेपर्यंत जात नाही, हे हळद-केळीत काम करणाऱ्या बाईला सांगायला नको.

फाडण्याबरोबर चिमटीची कामं. अंबाडीची, मेथीची पानं खुडायला बसवा. शेंगा फोडू द्या. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढायला अन् लावायला द्या, त्यात अंगठा अन् बोटांना चांगलाच जोर लागतो. सांडशीने कापसाची बोंडं एका ताटातून दुसऱ्या ताटात टाकायचा खेळ लावा. सांडशी उघडते-मिटते, कात्रीही उघडते-मिटते. ही सगळी कामं आपण स्वयंपाक करता करता शेजारी चालू शकतात. वेगळा वेळ काढा असं आम्ही म्हणणार नाही. सकाळी नऊला रानात जाऊन दिवे लागणीला परतणाऱ्या बाईला 'लेकराला वेळ द्या' म्हणणं सोपं असतं.

तीन वर्षांच्या आसपास कात्री द्या. अडीचला कोणाला जमतं, कोणाला साडेतीनला. शेजारणीच्या लेकराशी बरोबरी करू नका. कात्री लहान, बोथट टोकाची, पण पाती लोखंडाची अन् धार असलेली. आमचा इथं ठाम आग्रह आहे. खेळण्यातली सगळी प्लास्टिकची कात्री येते ना, तिने कागद कापत नाही, दुमडतो. लेकराला वाटतं आपल्यालाच जमत नाही, अन् ते कात्री टाकून देतं. विळीला धार नसली तर आपण किती वैतागतो?

पहिल्यांदा कापायला कागदसुद्धा देऊ नका, कणीक द्या. कणकेची करंगळीएवढी लांब सुरळी करायची अन् लेकराने तिचे तुकडे करायचे. गव्हाची कणीक घ्या, ज्वारीच्या पिठाची सुरळी तुटते. "अन्नाची नासाडी" म्हणून आज्ज्या रागावतील, त्यांचं चुकत नाही. रोटीएवढा एकच गोळा घ्या, अन् तुकडे कोंबड्यांना नाहीतर गाईला टाका. लेकरू कोंबड्यांसाठी जास्तच मन लावून कापतं.

मग कागद. वर्तमानपत्र घेऊ नका, ते पातळ असतं, पात्यात वाकून बसतं. जाड कागद लेकराला सोपा जातो. आपल्या घरात जाड कागद कुठं असतो? लग्नपत्रिका! लग्नसराई संपली की प्रत्येक घरात वीस-पंचवीस पत्रिका पडून असतात. त्यांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या आपण कापून द्यायच्या. बोटभर कशासाठी, तर एकदा कात्री मिटली की तुकडा खाली पडला पाहिजे. सुरुवातीला लेकराला एकच कातरा मारता येतो, कात्री परत उघडून पुढं सरकवणं त्याला माहीत नसतं. रुंद कागद दिला तर ते मधेच अडकतं. पत्रिकेवरचा गणपती मात्र आधी काढून ठेवा. एका घरी लेकराने गणपतीची सोंड कापली अन् सासूबाईंनी त्या दिवसापासून कात्री बंद केली. आम्ही समजावून सांगायला दोनदा गेलो, तेव्हा परत सुरू झाली.

कात्री धरायची कशी? लहान कडीत अंगठा. दुसऱ्या कडीत मधलं बोट, कडी मोठी असली तर त्याच्या शेजारचंही. अंगठ्याजवळचं बोट बाहेर, कडीच्या खाली टेकवलेलं. अंगठा वर, आभाळाकडं. लेकरं हमखास हात उलटा करतात, अंगठा जमिनीकडं जातो, मग कोपर वर उडतं अन् कात्री आडवी होते. 'अंगठा वर, अंगठा वर' म्हणून ओरडत बसण्यापेक्षा अंगठ्याच्या नखावर एक टिकली चिकटवा. "टिकली दिसायली का?" एवढंच विचारायचं. लेकरू आपणच हात सरळ करतं. कोपर फारच उडत असेल तर काखेत रुमालाची घडी धरायला सांगा, रुमाल पडू द्यायचा नाही. दुसऱ्या हाताने कागद धरतानाही अंगठा वरच.

बसून कापायचं. पाट, चौरंग, जमीन, काही चालेल, पण बूड टेकलेलं पाहिजे. उभ्याने नाही, चालताना तर नाहीच.

कातरे जमले की सलग कापणं. त्यात मधे दोन-चार महिने जातात, जाऊ द्या. कागदावर स्केचपेनने जाड रेघ मारा, बोटाच्या जाडीची. रेघ म्हणजे रस्ता, कात्री म्हणजे ट्रॅक्टर, ट्रॅक्टर रस्त्याच्या खाली उतरू द्यायचा नाही. चार वर्षांच्या आसपास सरळ रेघ जमते. मग रेघ बारीक करत न्यायची. मग वळण. पाच वर्षांच्या आसपास गोल जमायला लागतो, अन् कोपऱ्याचा चौकोन, तिकोन त्याच्याही नंतर. चौकोन सोपा दिसतो, पण कोपऱ्यावर कात्री थांबवून कागद वळवायचा असतो, ते अवघड.

गोल कापताना कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. परत भाकरीचं उदाहरण: भाकरी फिरते, आपण परातीभोवती फिरत नाही. उजव्या हाताने कापणाऱ्या लेकराने गोल आपल्या डाव्या हाताकडं धरायचा अन् कात्री गोलाच्या उजव्या बाजूने वर चढवायची, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट. डावखुऱ्याचं याच्या बरोबर उलट.

डावखुऱ्या लेकरांचं आम्हाला जरा जास्त सांगायचंय. आपल्याकडं डावा हात पुढं आला की त्यावर फटका बसतो. 'डाव्या हाताने खाऊ नको' इथपर्यंत ठीक आहे, घराची रीत असते. पण काम करायला लेकराचा डावा हात पुढं येत असेल तर तो मारून उजवा होत नाही. लेकरू नुसतं घाबरतं अन् दोन्ही हातांनी अडखळतं. अन् कात्रीची एक गंमत ऐका. दुकानातली साधी कात्री उजव्या हातासाठीच केलेली असते. उजव्या हाताने मिटताना बोटांचा जोर दोन्ही पाती एकमेकींना घासून आणतो. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच जोर पाती फाकवतो, अन् वरचं पातं रेघेवर येऊन रेघच झाकून टाकतं. म्हणजे लेकरू हुशार असून त्याचा कागद चावल्यासारखा निघतो. आपण म्हणतो, हे लेकरू आडमुठं आहे. डावखुऱ्यांची वेगळी कात्री मिळते. नांदेडला स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात विचारून बघा, नसेल तर मागवायला सांगा. ती मिळेपर्यंत जाड कागद अन् चांगली धार, एवढ्याने पुष्कळ भागतं.

अंगणवाडीत एक आजी नातवाला सोडायला येतात, त्यांनी हे ऐकलं अन् म्हणाल्या, "मह्या थोरल्याला मास्तरानं लई मारलं व्हतं डाव्या हातापायी." एवढंच म्हणाल्या अन् उठून गेल्या.

आता भीतीचं बोलू. भीती खोटी नाही. लेकरू स्वतःची बट कापेल, बहिणीची वेणी कापेल, नव्या परकराला कातरा मारेल. हे एकदा तरी होतंच असं धरून चाला. म्हणून पहिला नियम, कात्री बाहेर असेल तोवर मोठं माणूस शेजारी. आई नसेल तर आजी, आजोबा, बापसुद्धा. बापाला लेकरू सांभाळता येत नाही असं कुठं लिहिलेलं नाही. पण आठ-दहा वर्षांच्या बहिणीवर हे काम टाकू नका, ती स्वतःच लेकरू आहे. दुसरा नियम, कात्री फक्त कागदाला, केसाला-कपड्याला नाही, अन् मोडला तर कात्री त्या दिवसापुरती वर, मारायचं नाही. तिसरा, कात्री नेताना पाती मिटलेली अन् मुठीत, कडी बाहेर. दहा मिनिटं झाली की बास. लेकरू कंटाळलेलं असताना हाताला लागतं.

लागलंच तर स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा. रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल किंवा कात्री गंजलेली असेल तर घरगुती उपायात वेळ न घालवता सरकारी दवाखान्यात न्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

पण एक गोष्ट आम्हाला फार खटकते. बोथट टोकाची कात्री आपण वरच्या फळीवर ठेवतो, अन् विळा भिंतीला खाली खोचलेला असतो. विळी पाटाशेजारी उघडी असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गोठ्यात कडबा कुट्टी यंत्र, बटण लेकराच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. ज्या घरात हे यंत्र आहे त्या बायांनी आज घरी गेल्यावर पहिलं काम करा. काम झालं की वायर काढून टाका, बटण उंच लावून घ्या, लेकराला त्या बाजूला फिरकू देऊ नका. हळूहळू शिकवणं, शेजारी बसणं हे सगळं कात्रीसाठी आहे, कुट्टी यंत्रासाठी नाही. त्याच्याजवळ लेकराला काही शिकवायचं नसतं, लांब ठेवायचं असतं. मळणी यंत्राचंही तेच. खरं तर ज्या लेकराने लहान पात्याची धार स्वतः बघितलीय, पातं काय करतं हे ज्याला कळलंय, ते मोठ्या पात्याजवळ जपून वागतं, असा आमचा अनुभव आहे. पण त्या अनुभवावर विसंबून यंत्र उघडं ठेवू नका.

लेकरू पाच वर्षांचं होऊन गेलं, घरी सवय दिली, तरी साधा कातरासुद्धा मारता येत नाही, वस्तू सारख्या हातातून पडतात, एकच हात वापरतं, दुसरा अंगाशी धरून ठेवतं, असं काही दिसलं तर लाजू नका, सेविकाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, ते तपासतं, पुढं पाठवतं. त्याला पैसे पडत नाहीत. लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं.

कापलेल्या तुकड्यांचं काय करायचं, हे पण विचारतात. फेकू नका. लेकराला नुसतं कापायला लावलं तर चार दिवसांत कंटाळतं, कापून काहीतरी झालं पाहिजे. लाल-हिरव्या कपट्यांचं आंब्याचं झाड चिकटवा, भाताची पेज डिंकासारखी चालते. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, ती बेगड चार-पाच वर्षांच्या लेकराकडून कापून घ्या. थोडी वाकडी होईल, बैल तक्रार करत नाही. पताका तर सगळ्यात सोप्या, दोनच रेघा. 14 एप्रिलला निळ्या, गणपतीत रंगीबेरंगी, 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी शाळेत लावायला तिरंगी. अन् घरातलं खरं काम द्या. कोथिंबीर, कढीपत्ता कात्रीने कापता येतो, हात अन् कात्री धुऊन. मिरची मात्र चुकूनही देऊ नका, तोच हात डोळ्याला जातो. गोधडीची चिंध्या कापायची घाई करू नका, कापड कागदापेक्षा अवघड असतं, सहा वर्षांनंतर बघू.

आणि हे पोरीला तसंच पोरालाही. आम्ही बघतो, पोरीला खुडायला, निवडायला बसवतात अन् पोराला मोबाइल देतात. मग पहिलीत गेल्यावर पोराचं अक्षर का वळत नाही म्हणून विचारतात.

त्या कर्जवाल्या ताईचं विचाराल, तर लेकरू अजून त्याच नर्सरीत जातं, दोन पानंही चालूच आहेत. पण आता ती संध्याकाळी भाकरी करताना त्याला शेजारी बसवते. आधी कणीक होती, आता पट्ट्या आहेत. पानं निम्मी लिहून झाली की ती वही मिटते. बाईंना तिने तसं सांगून टाकलं. बाई काही बोलल्या नाहीत. हप्ते वेळेवर आहेत.

गटांसाठी शेवटचं. लहान कात्री तीस-चाळीस रुपयांत येते. प्रत्येक घराने घ्यायलाच पाहिजे असं नाही. आमच्या काही गटांनी ठरवलंय, की गावच्या अंगणवाडीला गटाकडून सहा कात्र्यांची पेटी द्यायची, त्यात एक डावखुऱ्याची. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने जुन्या लग्नपत्रिका, चहाचे खोके, मागच्या वर्षीचं कॅलेंडर असं जे जाड असेल ते आणायचं अन् बैठक चालू असताना बोलता बोलता पट्ट्या कापायच्या. कात्रीची धार गेली तर सुताराकडचा पॉलिश पेपर घ्या, दुमडून आठ-दहा वेळा त्याच कात्रीने कापा, धार परत येते. पेटीची किल्ली सेविकाताईंकडं राहील, अन् लेकरं घरी जायच्या आधी कात्र्या मोजायच्या. सहा दिल्या तर सहा परत आल्या पाहिजेत.